केसांत राहिलेली खाडी

वृषाली चोगलेनं त्या यंत्रात घातलेला पहिला केस तिचा स्वतःचाच होता.

तळवटच्या ग्रामीण रुग्णालयाची प्रयोगशाळा ती बारा वर्षं सांभाळत होती. रक्त, लघवी, थुंकी, मलेरियाच्या काचा हेच तिचं रोजचं काम. दोन हजार एकेचाळीसच्या मे महिन्यात सरकारनं किनाऱ्यावरच्या काही रुग्णालयांना एक नवं यंत्र दिलं. दिसायला शिलाई मशीनएवढं, वर काचेचं झाकण, बाजूला पडदा. त्याचं अधिकृत नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळे त्याला केसवाचक म्हणू लागले. जोडणी करून इंजिनिअर निघून गेला, तेव्हा वैद्यकीय अधिकारी डॉ. फरीदा मुकादम म्हणाल्या, "वृषाली, पेशंटच्या आधी आपल्यावरच करून बघू. माझे केस मानेपर्यंत, तुझे कमरेच्या खाली. एक दे."

वृषालीनं अंबाडा सोडला, एक केस मुळापासून उपटला आणि यंत्राच्या खाचेत ताणून बसवला.

यंत्राचं काम समजायला अवघड नव्हतं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. कातडीखाली तो तयार होत असताना रक्तात जे काही असेल, त्याचा अंश त्यात अडकतो. एकदा केस बाहेर आला की तो अंश तिथंच राहतो. धुऊन जात नाही, तेलानं निघत नाही. म्हणजे डोक्याजवळचा सेंटीमीटर हा मागचा महिना, आणि कमरेखालचं टोक म्हणजे पाच-सहा वर्षांपूर्वीचे दिवस. केसवाचकातला लेसरचा बारीक झोत टोकापासून मुळापर्यंत सरकत जाई, केसाचा कण न् कण जाळी, आणि निघालेल्या वाफेतला एकेक धातू तोलून पडद्यावर रेघ काढी. पूर्वी याच कामाला खोली भरेल एवढी यंत्रं लागत, आणि ती फक्त मोठ्या शहरांत असत.

शिशाची रेघ सरळ आली. कॅडमियमचीही. पाऱ्याची रेघ मात्र थोडं अंतर सपाट चालली आणि मग चढायला लागली. चढतच गेली. सगळ्यात वर एक उंच टोक करून जराशी उतरली आणि मग मुळापर्यंत तशीच वर राहिली.

"यंत्र बिघडलेलंच पाठवलं वाटतं," वृषाली म्हणाली आणि तिनं दुसरा केस लावला. रेघ तशीच आली.

डॉ. मुकादमनी खुर्ची ओढली. "मासे किती खातेस?"

"मॅडम, मी कोळ्याची मुलगी आणि कोळ्याची सून. रोज."

"कुठले?"

"माहेरचे. दिवेरीच्या खाडीतले. दादूस पाठवतो."

मग डॉक्टरांनी सांगितलं ते वृषालीला अर्धंमुर्धं ठाऊक होतं, पण स्वतःच्या बाबतीत ऐकताना ते वेगळंच वाटत होतं. चिखलात पारा असला की तिथले जिवाणू त्याचं रूप बदलतात, आणि त्या रूपात तो जिवंत शरीरात शिरला की लवकर निघत नाही. शेवाळातून तो कोळंबीत जातो, कोळंबीतून लहान माशात, लहान माशातून मोठ्या माशात, आणि प्रत्येक पायरीला वाढत जातो. जिताडा, मुशी असे दुसऱ्या माशांवर जगणारे मासे सगळ्यात वरच्या पायरीवर. पाऱ्यामुळे त्यांना वास लागत नाही, चव बदलत नाही. मीठ लावा, चिंच लावा, तळा, उकळा, पारा मांसातच राहतो. मोठ्या माणसाच्या बोटांना मुंग्या येतात, हात थरथरतात, तोल जातो.

"आणि पोटातल्या बाळाला?" वृषालीनं विचारलं.

डॉक्टर काही सांगणार, तोवर वृषालीनं पडद्यावर बोट ठेवलं होतं. मुळापासून मागं मोजत ती रेवाच्या जन्माच्या महिन्यापाशी आली. रेघेचं सगळ्यात उंच टोक तिथंच होतं.

रेवा तिची मुलगी, पाच वर्षांची. ती दोन वर्षांची झाल्यावर चालू लागली, आणि अजूनही सपाट जमिनीवर अडखळायची. फ्रॉकचं बटण तिच्या बोटांना सापडायचं नाही. बोलायची ते तुटके शब्द, तेही घरच्यांनाच कळणारे. मुंबईच्या डॉक्टरांनी "मेंदूची वाढ उशिरा" असं म्हणून सोडून दिलं होतं. कारण कुणालाच सांगता आलं नव्हतं, म्हणून ज्यानं त्यानं आपापलं कारण शोधलं. शेजारणी म्हणाल्या, पोटुशी असताना ड्युटी केली. सासू एकदा रागात म्हणाली, गिराण लागलं असताना विळी हातात धरली असशील. नवरा हेमंतनं कुणाला दोष दिला नव्हता. पण दुसरं मूल नको, एवढंच म्हणाला होता. आणि वृषालीनं स्वतः प्रयोगशाळेतल्या प्रत्येक बाटलीवर संशय घेतला होता. पाच वर्षं ती आपल्याच हातांकडे बघत आली होती.

बाळंतपणात दूध चांगलं उतरावं म्हणून माहेरहून मुशीचं कालवण येत होतं. त्याआधी डोहाळे लागले तेव्हा जिताडा. दादूस सांगून पाठवायचा, "माज्या भाचरासाठी हाय, उष्टं टाकू नको."

*

दिगंबर नाखवा, तिचा दादूस, दिवेरीच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन होता. बाप वादळात गेला तेव्हा तो विशीत होता आणि वृषाली शाळेत. त्यानं तिला शिकवलं, लग्न करून दिलं, जावळाला रेवाला मांडीवर घेऊन बसला. गावात पहिला बर्फाचा कारखाना त्यानं आणला. लोक त्याचा शब्द मानत.

वृषाली दुसऱ्याच दिवशी दिवेरीला गेली, आणि ती घाबरून गेली होती ती त्याच्याचसाठी. तिच्या रक्तात एवढा पारा, तर जे खाडीवरच राहतात त्यांचं काय?

दादूस अंगणात जाळं पसरून बसला होता. तिनं सगळं सांगितलं. तो जाळ्याचा फाटका भाग बोटांनी चाचपत ऐकत राहिला.

"यंत्र नवीन हाय ना?" तो शेवटी म्हणाला.

"दोनदा तपासलं, दादूस."

"तरी पण." त्यानं मान वर केली नाही. "बाय, आता बोटी वर ओढायच्या. ऑगस्टात दर्याला नारळ पडला की परत म्हावरं बाजारात. तू आता इथं केस गोळा करशील, पेपरात येल, आणि दिवेरीचं म्हावरं कुत्रंपण खानार नाय. जरा दमानं घे. एक वर्ष."

"एक वर्षात किती पोरी गरोदर राहतील?"

त्यावर तो उठला आणि आत पाणी प्यायला गेला.

तिला वाटलं, चेअरमन आहे, गावाची काळजी आहे. तिनं डॉक्टरांना सांगून जूनमध्ये दिवेरीच्या शाळेत शिबिर लावलं. होड्या किनाऱ्यावर आल्या होत्या, बायका मोकळ्या होत्या. पुरुषांच्या केसांचा फारसा उपयोग नव्हता. त्यांत फार तर मागचे दोन-तीन महिने मावत. बायकांच्या केसांत मात्र वर्षंच्या वर्षं होती. म्हाताऱ्या, सासुरवाशिणी, कॉलेजच्या मुली रांगेत बसल्या, केस सोडून, एकमेकींच्या लांबीवर विनोद करत.

दादूस त्या दिवशी जिल्ह्याच्या गावी कसल्याशा बैठकीला गेला होता. दुपारी त्याची बायको रोहिणी आली. ती वृषालीपेक्षा दोन वर्षांनी लहान, पण नात्यानं वयनी. तिची वेणी साऱ्या गावात लांब.

"तुज्या भावानं सांगितलंय, आपल्या घरातलं कोणी जाऊ नको," ती हसून म्हणाली. "पन तूच शिबिर लावायचं आणि तुजी वयनीच आली नाय, तर बाया काय म्हनतील? घे एक केस. सांगू नको त्यांना."

*

पुढचे काही दिवस यंत्र सकाळपासून चाललं. रेघा एकमेकींसारख्या निघत होत्या. सुरुवातीला साधारण सपाट, समुद्रातले मासे खाणाऱ्या कुणाच्याही असतात तशा. मग दोन हजार पस्तीसच्या हिवाळ्यात चढ. सगळ्या बायकांचा चढ एकाच सुमारास सुरू होत होता.

डॉ. मुकादमनी यंत्राची दुसरी सोय वापरली. पाऱ्याचे सगळे अणू एका वजनाचे नसतात. थोडे हलके, थोडे जड असतात, आणि जिथून पारा आला असेल तिथल्याप्रमाणे त्यांचं आपसातलं प्रमाण बदलतं. भर समुद्रातल्या पाऱ्याचं प्रमाण वेगळं, कारखान्यातल्या पाऱ्याचं वेगळं. चढाच्या आधीचा पारा समुद्राचा होता. चढानंतरचा पारा दिवेरीच्या खाडीच्या गाळातल्या पाऱ्याशी तंतोतंत जुळला.

त्याचा उलगडा व्हायला वेळ लागला नाही. खाडीच्या वरच्या अंगाला फार पूर्वी एक रसायनाचा कारखाना होता. तो बंद पडूनही एक पिढी लोटली होती. त्याची घाण खाडीच्या तळाशी बसली, तिच्यावर गाळाचे थर चढले, आणि ती तिथं निपचित पडून राहिली. मग नीलतट नावाच्या बंदर कंपनीनं धक्का बांधायला घेतला, आणि पस्तीस सालच्या नोव्हेंबरात खाडीचा तळ उपसला. पुरलेलं वर आलं.

"कुणाला माहीतच नसेल खाली काय होतं ते," वृषाली म्हणाली.

"कदाचित," डॉक्टर म्हणाल्या.

रोहिणीचा केस त्या दिवशी दुपारी लागला. वृषाली चहा पीत पडद्याकडे बघत होती. रेघ इतरांसारखीच निघाली, सपाट. मग ती चढण्याऐवजी उतरली. उतरत उतरत जवळजवळ तळाला टेकली आणि मुळापर्यंत तिथंच पडून राहिली.

असा उतार एकाच गोष्टीचा असतो. माणसानं मासे खायचं सोडलं की शरीरातला पारा दोनेक महिन्यांत निम्मा होतो, मग त्याच्या निम्मा. वृषालीनं उताराचा महिना काढला. दोन हजार पस्तीसचा ऑक्टोबर. गाळ उपसायला सुरुवात झाली, त्याच्या आधीचा महिना.

तिनं स्वतःची रेघ त्या रेघेशेजारी लावली. एक त्या घरची लेक, एक सून, एकाच खाडीचं पाणी. त्या महिन्यापर्यंत दोन्ही रेघा हातात हात घालून चालल्यासारख्या होत्या. तिथून एक खाली गेली, एक वर.

चहाचा कप तिनं तसाच खाली ठेवला. रोहिणीचा मुलगा आरुष रेवापेक्षा चार महिन्यांनी लहान होता. तो झाडावर चढायचा, सायकल चालवायचा, पाढे म्हणायचा.

*

तिनं रोहिणीला रुग्णालयात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"वयनी, तू म्हावरं खायचं कधी सोडलंस?"

"का ग? केसात ते पन दिसतं?"

"दिसतं. सांग ना."

रोहिणीनं आठवून पाहिलं. "आरुषच्या आधी. मला मूल राहत नव्हतं, तुला म्हाईत हाय. एक दिवस तुजा भाऊ नारळ घेऊन आला. म्हनाला, मी नवस बोललोय. मूल होईस्तवर घरात म्हावरं शिजलं तरी तू तोंडाला लावायचं नाय. मग आरुष झाला. मग म्हनाला, त्याला अंगावर उठतं, त्याला देऊ नको, आणि तो लहान हाय तोवर तू पन खाऊ नको. सवयच गेली. मी पावण्यांना, गड्यांना शिजवून घालते, आमी अंडी खातो." ती थांबली. "का ग? नवसात काय चुकलं?"

वृषालीनं पडदा तिच्याकडे फिरवला आणि दोन्ही रेघा दाखवल्या. कुठला महिना कुठं, गाळ कधी उपसला, रेवा कधी पोटात होती. रोहिणी शाळा शिकलेली होती. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिनं तोंडावर हात धरला.

"मुशी मी रांधली होती," ती म्हणाली. "तुज्या बाळंतपनात. डबा पन मीच घेऊन यायची. मला बोलला, चांगली मोठी मुशी हाय, बायला घेऊन जा. वृषाली, मी माज्या हातानं भरवलं तुला."

"तुला माहीत नव्हतं."

"त्याला होतं," रोहिणी म्हणाली.

वृषालीनं इतका वेळ ते वाक्य मनातसुद्धा उच्चारलं नव्हतं.

*

दादूस तिला धक्क्यावर भेटला. ओहोटी लागली होती, उघड्या चिखलावर बगळे फिरत होते.

"वयनीच्या केसात ऑक्टोबर आहे," ती म्हणाली.

त्याला काय ते लगेच कळलं. तो खांबाला टेकला. "तिला नको म्हटलं होतं जाऊ."

"तुला कुणी सांगितलं?"

"कंपनीच्याच मानसानं. उपसायच्या आधी त्यांनी गाळ तपासला होता. म्हनाला, खाली पारा हाय, थोडा वर येल, दोन-तीन वर्सांत बसेल परत. सोसायटीनं हरकत घेऊ नका, बर्फाचा कारखाना देतो, नवीन इंजिनं देतो. मी सह्या केल्या." तो घाईनं बोलू लागला. "बाय, गावाकडं काय होतं तवा? पोरं मुंबईला पळत होती. कारखाना आला, चाळीस घरं उभी राहिली. मना वाटलं, दोन-तीन वर्सं. बसेल खाली."

"आणि तोवर वयनीला नवस."

त्यानं तोंड खाडीकडे फिरवलं.

"मला का नाही रे?" तिचा आवाज चढला नाही. "एक फोन. खाऊ नको बाय, एवढंच. मी कारण विचारलं नसतं. तू सांगितलं असतंस तर मी गवत खाल्लं असतं."

मग दादूस जे बोलला ते त्यानं कधीतरी स्वतःशीच ठरवून टाकलं असावं, इतक्या सरळ आवाजात बोलला.

"तुजी सासू तळवटच्या बाजारात पयल्या वट्यावर बसते. दिवेरीचं निम्मं म्हावरं तिच्या पाटीतनं जातं. तुज्या घरात ताट वाढलं जातं ते अख्खा बाजार बघतो. तू लॅबवाली. तू पोटुशी असताना म्हावरं सोडलं असतंस, तर दुसऱ्या दिवशी बाजारानं विचारलं असतं, हिला काय म्हाईत हाय? रोहिनीला नवस चालला. तुला नसता चालला."

"म्हणून तू मला खाऊ घातलंस."

"मना वाटलं नव्हतं एवढं होईल—"

"नुसता गप्प बसला असतास तरी ते वेगळं, दादूस. न सांगणं समजू शकते मी. तू डबे पाठवलेस. निवडून, मोठे मोठे."

तिनं वाट पाहिली. खरंच पाहिली, काहीतरी असं निघेल जे तिला माहीत नव्हतं, ज्यानं हे सगळं निदान थोडं कमी होईल. मग ती वळून चालू लागली. मागून त्यानं हाक मारली ती "बाय" अशीच, लहानपणी मारायचा तशी.

*

खाडीतली मासेमारी थांबवायला रेघा पुरेशा होत्या. जुलैच्या अखेरीस हुकूम निघाला आणि दिवेरीवर अवकळा पसरली. तळवटच्या बाजारात तर दूरच्या बंदरातली मासळीही कुणी घेईना. वृषालीच्या सासूचा वटा रिकामा पडला. पहिल्या दिवशी ती सुनेवर ओरडली, "तुज्या भावानं इख घातलं आणि तू माज्या पाटीवर झाकन ठेवलंस!" दुसऱ्या दिवशी ती रेवाला मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली. तिथूनच म्हणाली, "मी गिऱ्हाइकांना काय सांगत होते म्हाईत हाय? माजी पोटुशी सून हेच खाते, घे बिनघोर. किती पोरींनी नेलं माज्याकडनं." मग तिनं वृषालीचा हात धरला. "तुला विळीवरनं बोलले होते मी. इसरून जा."

सप्टेंबरात जिल्हाधिकाऱ्यांसमोर जनसुनावणी ठेवली. कंपनीचा वकील काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं: पारा निघाला हे दुर्दैव, पण आधी कुणालाच कल्पना नव्हती. कंपनीनं गाळ तपासल्याचा मागमूस कुठंच सापडत नव्हता. आधी माहीत होतं हे सांगणारी एकच गोष्ट होती, आणि ती रोहिणीच्या डोक्यावर होती.

"तिचा केस, तिचा हक्क," डॉ. मुकादम म्हणाल्या होत्या. "तिनं हो म्हटल्याशिवाय तू तो कुणाला दाखवायचा नाहीस. तिनं नाही म्हटलं आणि तरी तू दाखवलास, तर मी तुझ्या बाजूनं उभी राहणार नाही."

वृषालीनं रोहिणीला विचारलंच नाही. काय विचारणार? तुझ्या नवऱ्याला तुझ्याच वेणीनं बांध, असं? ज्यानं तिचं मूल वाचवलं त्यालाच? सुनावणीच्या सकाळपर्यंत ती हेच ठरवत होती की जेवढं आपल्या केसात आहे तेवढंच बोलायचं.

सोसायटीचा हॉल माणसांनी भरला होता. दादूस पुढच्या रांगेत, पांढरा शर्ट, हात गुडघ्यांवर. वकील अपेक्षेप्रमाणे बोलला. "कुणालाही, कंपनीला किंवा सोसायटीला, आधी कल्पना असती, तर त्यांनी आपल्या घरात तरी हे मासे शिजवले असते का?"

"शिजवले," मागून बाईचा आवाज आला. "पन खाल्ले नाय."

रोहिणी बायकांमधून वाट काढत पुढं आली. तिनं डोक्यावरचा पदर काढला आणि वेणी खांद्यावरून पुढं घेतली. "मी चेअरमनची बायको. माज्या केसाची रेघ लावा. हिच्या रेघेशेजारी लावा. माजी परवानगी हाय."

वृषालीनं दोन्ही रेघा भिंतीवर लावल्या. कुठला महिना ते तिनं सांगितलं. बाकी तिला काही सांगावं लागलं नाही. गाळ कधी उपसला ते दिवेरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मग मागच्या बाजूला कुणीतरी बाई रडायला लागली. तिचा नातू दोन वर्षांचा होऊन मान सावरत नव्हता. ज्या चाळीस घरांबद्दल दादूस बोलला होता, त्याच घरांतली माणसं वळून वळून त्याच्याकडे बघत होती. शिव्या कुणी दिल्या नाहीत. बोटीवर त्याच्यासोबत वाढलेला त्याचा जुना भागीदार उठला, त्याच्या शेजारची खुर्ची मोकळी करून भिंतीशी जाऊन उभा राहिला. मग त्याच रांगेतला दुसरा उठला.

रोहिणी नवऱ्यासमोर थांबली. "तुमी मला वाचवलंत," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय. पन कोनाच्या बदल्यात ते मला इचारायला पायजे होतं." आरुषला घेऊन ती त्याच संध्याकाळी माहेरी गेली.

*

कंपनीवर खटला उभा राहिला. दादूसचं चेअरमनपद गेलं, त्याच्यावरही गुन्हा दाखल झाला आणि तो जामिनावर सुटला. वृषालीची रेघ मुळापाशी उतरू लागली होती. रेवाचीही उतरत होती. पण वृषाली त्यावर आनंद मानत नव्हती. तिला फरक ठाऊक होता. रक्तातला पारा निघून जातो. पोटात असताना त्यानं मेंदूत जे विस्कटलं, ते परत लागत नाही. फक्त शिकवता येतं, हळूहळू. रेवासाठी आता पनवेलहून आठवड्यातून एकदा एक ताई यायच्या, शब्द शिकवायला, बोटांना काम द्यायला. पाच वर्षांआधी कारण कळलं असतं तर हे पाच वर्षांआधी सुरू झालं असतं.

भाऊबीजेला दुपारी दारात दादूस उभा राहिला. हातात काही नव्हतं. वाळला होता. सासू त्याला बघून आत निघून गेली. हेमंत उठून वृषालीच्या मागं येऊन उभा राहिला.

"ओवाळनीला नाय आलो," दादूस म्हणाला. "रेवाला बघायचं होतं."

रेवा ओसरीवर मणी ओवत बसली होती. तिनं मान वळवली. मग ती उठली, दोनदा तोल गेला, भिंत धरून सावरली, आणि जाऊन त्याच्या पायांना मिठी मारली. "मामा," ती म्हणाली. स्वच्छ म्हणाली, अगदी कुणालाही कळेल असं.

दादूस खाली बसला आणि रडू लागला. रेवानं त्याच्या गालाला हात लावून पाहिला. तिला गंमत वाटत होती.

मग वृषालीनं रेवाला उचलून हेमंतकडे दिलं.

"दादूस, ऊठ," ती म्हणाली. "एक दिवस ही विचारणार, माझे हात असे का. माझ्याच्यानं तेव्हा सांगवणार नाही, आणि मी सांगणारही नाही. तेव्हा तुला निरोप पाठवीन. तू यायचंस, हिच्यासमोर बसायचंस आणि सगळं सांगायचंस. डब्यांसकट. तोवर या दारात येऊ नको."

त्यानं डोळे पुसले. "आणि तिनं मना माफ नाय केलं तर?"

"ते तिचं ती बघेल."

"तुजं काय?"

वृषालीनं वाकून ओसरीवरचे रेवाचे मणी गोळा करायला घेतले. तो उठला, चपला घातल्या, फाटकापाशी एकदा थांबला, आणि मग रस्त्याला लागला.

हेमंतच्या कडेवरून रेवा वाकून वाकून बघत होती. "मामा कुथे गेला?" तिनं विचारलं.

तिनं जन्मात विचारलेला तो पहिला पुरता प्रश्न होता. हेमंतनं चमकून वृषालीकडे पाहिलं. तिनं रेवाला आपल्याकडे घेतलं, दार लोटलं आणि म्हणाली, "त्याला यायला वेळ लागेल, बाळा."